‘आता’: खूण सांगणारा अरामी शब्द

दानीएलाचं पुस्तक बायबलच्या हिब्रू भागात येतं, पण दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्याच्या शेवटापर्यंत ते अरामी भाषेत आहे. तिथे ‘आत’ हा शब्द भेटतो: खूण, चिन्ह. या पुस्तकात तो तीनदाच येतो, आणि दर वेळी जोडीला ‘तिमहीन’, म्हणजे अचंबित करणाऱ्या गोष्टी. मला सगळ्यात भावतं ते हे की, तिन्ही वेळा तो परक्या राजांच्या तोंडी आहे. दोनदा नबुखद्नेस्सर, एकदा दारयावेश. सिंहांच्या गुहेतून दानीएल जिवंत बाहेर आल्यावर दारयावेशाने काढलेल्या फर्मानात हा शब्द आहे.

याचा हिब्रू भाऊ ‘ओत’. नोहाच्या गोष्टीतलं इंद्रधनुष्य ‘ओत’, आणि मिसरमध्ये दारांच्या चौकटींना लावलेलं कोकराचं रक्तही ‘ओत’. म्हणजे अर्थ केवळ चमत्काराचा नाही. जे दिसतं, ते दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवतं, एखाद्या वचनाची आठवण देतं.

सिरियाक ही अरामीचीच एक शाखा. तिच्यात हा शब्द ‘आता’ असा होतो. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, त्याला सिरियाक बायबलमध्ये, म्हणजे पेशित्तात, येशूची पहिली ‘आता’ म्हटलंय.

आणि कुराणातली ‘आयत’? तिच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थही खूणच. अनेक अभ्यासक तो अरामी-सिरियाकमधून आल्याचं मानतात. कुराणात पाऊस, रात्र-दिवस यांनाही हाच शब्द वापरलाय.