बाल्टिमोरची सकाळ आणि पुढच्या वर्षीचा ठेका

धम्, ध-धम्, ताड! ‘हेअरस्प्रे’ या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेची ध्वनिमुद्रिका लावली की सगळ्यात आधी हा ठेका येतो. गाणारी मुलगी अजून यायची असते, गोष्ट कुठल्या गावची हेही कळलेलं नसतं, पण एवढ्या ठोक्यांत काळ कळून जातो. साठचं दशक, खिशात मावणारा ट्रान्झिस्टर, स्प्रे मारमारून उंच उभे केलेले केस. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही, आणि तरी आपण बाल्टिमोरमधल्या एका जाड्या, आनंदी शाळकरी मुलीच्या खोलीत पोचलेलो असतो.

आता यातलं आश्चर्य बघा. संगीतिकेची गोष्ट १९६२च्या जूनमध्ये सुरू होते. हा ठेका घरोघरी नेला तो ‘बी माय बेबी’ या गाण्याने, आणि रॉनेट्स या तीन मुलींच्या गटाचं ते गाणं हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं १९६३च्या उन्हाळ्यात. म्हणजे ही मुलगी, नायिका ट्रेसी टर्नब्लॅड, ज्या तालावर डोळे उघडते, तो तिच्या जगात अजून जन्मलेलाच नाही! संगीतकार मार्क शेमन आणि गीतलेखनातले त्यांचे जोडीदार स्कॉट विटमन यांना त्या काळातल्या संगीताची खडान्‌खडा माहिती. तेव्हा ही नजरचूक असेल असं मला अजिबात वाटत नाही. ही मुलगी तिच्या शहराच्या पुढे आहे, हे तिने तोंड उघडण्याआधी ड्रमने सांगून टाकलंय.

त्या ठेक्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. ड्रमवर होते हॅल ब्लेन. स्नेअर ड्रमचा करकरीत ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायचा, ही रॉक गाण्याची रीत. ब्लेन सांगत, की वाजवताना काडी हातातून निसटली, दुसऱ्या मात्रेचा ठोका राहून गेला आणि उरला फक्त चौथ्याचा. तो राहिलेला ठोका मग राहूच दिला. मैफलीत समेची वाट बघावी तशी आपण त्या एकुलत्या ‘ताड’ची वाट बघायला लागतो. निर्माता फिल स्पेक्टर याने त्याभोवती आवाजाचा नुसता डोंगर उभा केला. एकच ओळ अनेक गिटारींनी आणि अनेक पियानोंनी एकाच वेळी वाजवायची, सगळे वादक एका लहानशा खोलीत दाटीवाटीने बसवायचे, तो गजर प्रतिध्वनीसाठी बांधलेल्या बंद खोलीत सोडायचा आणि तिथून परत टिपायचा. वाद्यं मग सुटी ऐकूच येत नाहीत. कानावर येतो तो एकच मोठा, झगमगता कल्लोळ. नाटकाच्या वाद्यवृंदात एवढी माणसं बसवायला जागा कुठून आणणार? ‘हेअरस्प्रे’चं वाद्यसंयोजन हॅरॉल्ड व्हीलर यांचं. सॅक्सोफोन-ट्रम्पेटचे फटकारे, खंजिरी आणि मागे ‘ऊ’, ‘आ’ करत राहणारे गळे एवढ्यांवर त्यांनी तो भास जिवंत केला आहे.

नाटकातली गाणी मूळ नटांच्या आवाजात आणि मूळ वाद्यवृंदासह एकत्र बाजारात आणायची पद्धत अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजली ती १९४३मध्ये, डेका कंपनीने काढलेल्या ‘ओक्लाहोमा!’च्या तबकड्यांपासून. तिथल्या नटांच्या संघटनेचा जुना नियम असा, की मुद्रणाच्या एका दिवसासाठी नटाला आठवड्याभराचा पगार द्यायचा. त्यामुळे कित्येक गाजलेल्या मुद्रिका एकाच दिवसात, सकाळपासून रात्रीपर्यंत गाऊन संपवलेल्या आहेत. त्यांच्यातली ती धावपळ आणि तो जोर मला फार आवडतो. स्टुडिओत महिनोन्‌महिने घोटून केलेल्या पॉप अल्बममध्ये तो सापडत नाही.

रेडिओवरचं पॉप गाणं आणि नाटकातलं गाणं यांचा स्वभाव मुळात वेगळा. रेडिओवरचं गाणं एका भावनेभोवती घिरट्या घालतं. ‘तू माझा हो’ हे पहिल्या कडव्यात, दुसऱ्यात आणि शेवटीही तेच. नाटकातल्या गाण्यानंतर मात्र काहीतरी बदललेलं असावं लागतं, नाहीतर प्रेक्षक चुळबुळायला लागतो. शेमन-विटमन यांनी रेडिओच्या गाण्याचा साचा जसाच्या तसा उचलला आणि त्याच्या पोटात नाटक भरलं. ‘गुड मॉर्निंग बाल्टिमोर’ हे सुरुवातीचं गाणं ऐकताना वाटतं, मुलगी प्रियकरासाठी गातेय. प्रत्यक्षात ती गातेय गावासाठी, आणि त्या गावातले रस्त्यावरचे उंदीर आणि गुत्त्यातला दारूडाही तिला तितकेच लाडके आहेत. ‘आय कॅन हिअर द बेल्स’मध्ये लिंक नावाच्या देखण्या मुलाचा तिला नुसता धक्का लागतो. घटना क्षणाची, पण गाण्यात ती भेटीगाठींपासून थेट चर्चमधल्या लग्नापर्यंत जाऊन येते, आणि वाद्यवृंदात घंटा वाजत राहतात.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ‘ममा, आय अ‍ॅम अ बिग गर्ल नाऊ’. मुलींच्या त्रिकुटाच्या गाण्यात एक जण पुढे गाणार आणि दोघी मागून साथ करणार, असा शिरस्ता. इथे तीन मुली तीन वेगवेगळ्या घरांत आपापल्या आयांशी भांडतायत. एकीने मांडलं की दुसरी ते उचलते, मागून आया ओरडतात, आणि रेडिओवर जी साधी सवाल-जवाबाची युक्ती असते तिचं इथे तीन घरांतलं खरंखुरं भांडण होतं. रंगमंचावर कुणाकडे बघायचं हे नजरेला ठरवावं लागतं. नुसतं ऐकताना मात्र सहाही बायका सारख्याच जवळ असतात.

आणखी एक गोष्ट कानाला हळूहळू कळत जाते. इथे प्रत्येक पिढी आपापल्या काळाचं संगीत गाते. जुनी सौंदर्यस्पर्धा जिंकलेली आणि त्यातच अडकून पडलेली व्हेल्मा चा-चा-चाच्या तालावर आपली कर्तबगारी सांगते. ट्रेसीचे आईवडील एडना आणि विल्बर यांच्या ‘टाइमलेस टू मी’ या युगुलगीतात रॉकचा मागमूस नाही. ते रॉकच्या आधीच्या जुन्या करमणुकीच्या रंगमंचावरचं, पाय घासत नाचायचं गाणं आहे.

एडना हे बाईचं पात्र पुरुषाने करायचं, ही परंपरा जॉन वॉटर्स यांच्या १९८८च्या मूळ चित्रपटापासूनची. तिथे ते डिव्हाइन यांनी केलं होतं, ब्रॉडवेवर हार्वी फायरस्टीन यांनी. मराठी श्रोत्याला पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका नवीन नाही. बालगंधर्वांना रंगमंचावर न पाहिलेल्या कित्येक पिढ्यांनी ते तबकड्यांतूनच ओळखले. पण बालगंधर्वांचा सगळा जीव लावण्यात आणि लडिवाळपणात. फायरस्टीन यांचा आवाज खडीवरून गाडी जावी तसा खरखरीत, आणि ते तो जराही लपवत नाहीत. कित्येक वर्षं घराबाहेर न पडलेली, लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करणारी ही बाई ‘वेलकम टू द सिक्स्टीज’मध्ये मुलीचा हात धरून बाहेर पडते. सुरुवातीला ती नुसती कुरकुरते, मग एखादा शब्द गाते, मग पूर्ण ओळ. डोळे मिटून ऐकलं तरी एक माणूस उमलताना ऐकू येतो. या भूमिकेला २००३चा टोनी पुरस्कार मिळाला, तो या आवाजाचाही आहे असं मी मानते.

एवढं झाल्यावर या आनंदाच्या मुळाशी जावं लागतं. गोष्टीत टीव्हीवरचा एक नाचाचा कार्यक्रम आहे. तो कल्पनेतला असला तरी त्यामागे खरा कार्यक्रम आहे. बाल्टिमोरच्या डब्ल्यूजेझेड वाहिनीवर १९५७पासून ‘द बडी डीन शो’ चालत असे, आणि तिथेच वाढलेले वॉटर्स तो लहानपणी बघत. गोरी मुलं तिथे नाचत, बऱ्याचदा काळ्या कलावंतांच्या गाण्यांवर. काळ्या मुलांना प्रवेश मात्र ठरावीक दिवशीच, वेगळा. १९६३च्या ऑगस्टमध्ये काही मुलांनी ही भिंत मोडून एकत्र नाच केला. वाहिनीने कार्यक्रम सगळ्यांना खुला केला नाही, १९६४च्या जानेवारीत बंदच करून टाकला.

म्हणून मुद्रिकेच्या उत्तरार्धातलं ‘आय नो व्हेअर आय हॅव बीन’ इतकं आत जातं. गाते मोटरमाउथ मेबेल, रेकॉर्डचं दुकान चालवणारी काळी बाई. ब्रॉडवेवर मेरी बॉन्ड डेव्हिस यांनी ती केली. इथे सगळा झगमगाट थांबतो आणि चर्चमधल्या गॉस्पेलची संथ, भारदस्त लय येते. आतापर्यंत ज्यावर आपण पाय नाचवत होतो ते संगीत कुठून आलं, ते इथे एकाएकी समोर उभं राहतं. शेमन यांनी लिहून ठेवलंय, की नाटकाशी संबंधित जवळजवळ सगळ्यांचा या गाण्याला विरोध होता. फार दुःखी, फार उपदेशाचं, आणि अखेरचं मोठं गाणं नायिकेलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. गाणं टिकलं हे फार बरं झालं. ते काढलं असतं तर बाकीची सगळी गाणी नुसती सजावट ठरली असती.

त्यानंतरचा शेवट ‘यू कान्ट स्टॉप द बीट’. शब्द इतक्या वेगाने येतात की ऐकणाऱ्याचाही श्वास कमी पडतो. कडवं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, ट्रेसी, एडना, मेबेल, आणि अखेरीस व्हेल्मालाही नाचात ओढून घेतलं जातं. खालचा धडधडणारा बास मात्र कानाला ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ची आठवण करून देतो, आणि टिना टर्नर यांचं ते गाणं १९६६चं. म्हणजे १९६२ची ही गोष्ट सुरू होते पुढच्या वर्षीच्या ठेक्यावर आणि संपते चार वर्षांनंतरच्या वेगात. प्रत्यक्षातला कार्यक्रम ज्या दिवसाला घाबरून बंद पडला, त्या दिवसाकडे हे संगीत मागे न बघता धावत जातं.

ही मुद्रिका ऑगस्ट २००२मध्ये, न्यूयॉर्कच्या नील सायमन थिएटरात नाटक सुरू झालं त्याच महिन्यात आली, आणि २००३चं संगीतिकेच्या अल्बमचं ग्रॅमी तिने मिळवलं. नाटक २,६०० हून अधिक प्रयोग करून जानेवारी २००९मध्ये थांबलं. २००७चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल, चांगलाच आहे, पण आधी मूळ मुद्रिका ऐका. गाणी उलटसुलट लावू नका, पहिल्यापासून क्रमाने जाऊ द्या. शक्य असेल तर हेडफोन लावा, आणि मेबेल गायला लागली की हातातलं काम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा.