एक लिटर पेट्रोल, नऊ हजार लिटर हवा

दिवाळी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या नाटकांचे माहेर. तिथल्या मंडळ्या कुरखेडा, कोरची, धानोरा भागातल्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. प्रेक्षक येतात ते मोटारसायकलींवर, बहुधा एकेका गाडीवर तिघे. डांबर संपून मुरमाचा रस्ता लागला की पहिली गाडी तेवढी सुटते, मागच्या सगळ्या पुढच्यांचा फुफाटा खात येतात. माणसांनी तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले असतात. गाडीचा दुपट्टा कंपनीने सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड बसवलेला असतो. त्याला एअर फिल्टर म्हणतात आणि तो शेवटचा कधी उघडला होता, हे सहसा मालकाला सांगता येत नाही.

डर्ट बाइक म्हटले की उंच मडगार्ड, दातेरी टायर आणि हवेत झेपावणारा स्वार डोळ्यांपुढे येतो. अशा गाड्या आपल्याकडेही बनतात. हिरोची इम्पल्स 2011 मध्ये आली, एक्सपल्स 200 आली 2019 मध्ये. हिरोच्याच गाडीवर बोत्सवानाच्या रॉस ब्रांचने 2024 च्या डाकार रॅलीत दुसरा क्रमांक मिळवला. कुरखेड्याच्या बाजारात मात्र दिसतात त्या साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या, आणि डर्ट बाइकचे काम त्याच करतात. मोहाच्या दिवसांत जंगलवाटेने, मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर, पावसाळ्यात चिखलातून आणि धान निघाले की बांध्यांच्या कडेकडेने त्या चालतात. मोटोक्रॉसचे स्वार प्रत्येक फेरीनंतर फिल्टर धुतात. आमच्या गाड्यांचा फिल्टर उघडतो तो गाडी चढावर दम टाकू लागल्यावर.

पेट्रोल एकटे जळत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला जवळजवळ 15 भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे हवा झाली सुमारे 11 किलो. मापाने नऊ हजार लिटरांहून जास्त. स्वस्थ बसलेला माणूस दिवसभरात साधारण तेवढीच हवा आत घेतो. गाडी लिटरला 50 किलोमीटर देत असेल, तर दर किलोमीटरला 180 लिटरच्या आसपास हवा त्या डबीएवढ्या फिल्टरमधून ओढली जाते. रस्त्यावर जे उडत असेल तेही तिच्याबरोबर येते.

आणि इथे उडते काय? मुरमाच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापावर हिऱ्याला 10 आणि क्वार्ट्झला 7 गुण आहेत. सिलिंडरचे बिडाचे लोखंड त्यापुढे मऊच. जिल्ह्याच्या दक्षिणेला, सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक जातात त्या रस्त्यांवर लाल धूळ असते, तीही काही कमी खरबरीत नाही. डोळ्यांना खुपणारी जाड रेती सहसा फिल्टरपर्यंत पोचत नाही. घात करतात ते केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढे कण. ते पिस्टनच्या रिंगांपाशी तेलात मिसळतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. रिंगा झिजल्या की तेल वर चढून जळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग मिस्त्री म्हणतो, बोर-पिस्टन करावे लागेल. काही शे रुपयांच्या फिल्टरवाचून हजारोंचा खर्च होतो तो असा.

फिल्टर नुसता तुंबला असेल तर लक्षणे वेगळी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त होते, काळा धूर येतो, प्लग काजळतो, अॅव्हरेज घसरते. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या गाड्यांत इंजेक्शन आले. त्यांचा संगणक मिळेल त्या हवेला साजेसे पेट्रोल सोडतो, म्हणून धूर दिसत नाही, नुसती ताकद कमी होते. त्यामुळे लक्ष जायला उशीर लागतो.

साफ करण्याआधी आपला फिल्टर कागदी आहे की फोमचा, हे बघावे. आजच्या बहुतेक साध्या गाड्यांत घड्या घातलेला कागद असतो. त्यातही कोरडा आणि तेल पाजलेला असे दोन प्रकार आहेत. तेल पाजलेला चिकट कागद धुवायचाही नसतो, फुंकायचाही नसतो. मळला की सरळ बदलायचा. कोरडा असेल तर हलकेच आपटून झटकावा आणि फार तर आतून बाहेर, मंद दाबाने हवा मारावी. पंक्चरच्या दुकानातली कॉम्प्रेसरची बंदूक बाहेरून टेकवून धडाधड हवा मारण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच पसंत नाही. वरची धूळ उडाल्याचे समाधान मिळते, पण बारीक कण कागदात आणखी खोल जातात, कधी कागदच फाटतो. फाटलेला फिल्टर तुंबलेल्यापेक्षा वाईट, कारण गाडी झकास पळते आणि आतून झिजत जाते.

खऱ्या डर्ट बाइकचा फिल्टर फोमचा असतो आणि तो पुन्हापुन्हा वापरता येतो. तो काढला की हवेच्या नळीच्या तोंडात आधी स्वच्छ फडके खुपसावे, म्हणजे सफाई करताना माती आत पडत नाही. फोम त्याच्या जाळीवरून उतरवून फिल्टर क्लीनरमध्ये किंवा रॉकेलसारख्या द्रावकात बुडवून दाबावा. पिळू नये, जोड उसवतात. पेट्रोल तर वापरूच नये. त्याने डिंक सुटतो, आणि आगीची भीती वेगळीच. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण सुकू द्यावा. यानंतरचे काम लोक विसरतात. फोमची छिद्रे मोठी असतात, धूळ अडते ती त्यावरच्या चिकट तेलात. फोम फिल्टरसाठीचे तेल सगळीकडे चोळून मुरवावे, जास्तीचे दाबून काढावे. कोरडा फोम बसवणे म्हणजे जवळजवळ फिल्टरच न बसवणे. कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा, नाहीतर धूळ फिल्टर चुकवून फटीतून आत शिरते. ट्रॅक्टरवाल्यांना यात नवल वाटू नये. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरमध्येही धूळ तेलच धरायचे.

फिल्टरच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहावे. बोटाला माती लागली तर फिल्टर फाटला आहे किंवा नीट बसलेला नाही, आणि तेव्हा झटकाझटकीने काही साधत नाही.

कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरचा आकडा दिलेला असतो, पण धुळीच्या भागात लवकर तपासा अशी सूचनाही असते. इथे किलोमीटरपेक्षा हंगाम धरणे बरे. धान चुरण्याच्या दिवसांत मळणी यंत्राच्या आसपास गाडी उभी असेल, चालू असेल, तर कोंडा फिल्टरवर थरच धरतो, म्हणून पहिली तपासणी मळणी आटोपल्यावर. तेंदूचा हंगाम संपला की दुसरी तपासणी. तिसरी पावसाळा सुरू झाल्यावर, पण ती पाण्यासाठी. भिजलेल्या कागदातून हवा नीट जात नाही. फिल्टरच्या डब्याला खाली पाणी निघायची छोटी नळी असते, ती चिखलाने बुजलेली नाही ना ते पाहावे. सती नदीला किंवा एखाद्या नाल्याला पाणी आले असताना गाडी मध्येच बंद पडली, तर किक मारू नये. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत काठाला आणावी, प्लग काढावा, पाणी उडून जाईपर्यंत किक माराव्यात, आणि फिल्टर कागदी असेल तर तो तिथेच काढून टाकून नवा बसवावा. सीटखाली एक जास्तीचा ठेवायला जागा असतेच.