नाव आंबेगावचं, टपाल घोडेगावला

ज्या गावावरून आमच्या तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळालं, ते जुनं गाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं आणि गाव बुडालं. नाव मात्र तरंगत राहिलं. सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, लग्नपत्रिकांवर आजही ‘ता. आंबेगाव’ असंच छापतात. कचेरी घोडेगावला. नवखा माणूस नुसत्या नावाचा माग काढत निघाला, तर जलाशयाच्या काठावर येऊन उभा राहील. टपाल मात्र चुकत नाही, कारण टपाल खातं नावापेक्षा आकड्यावर विसंबतं. मंचरचा आकडा ४१०५०३, नारायणगावचा ४१०५०४, जुन्नरचा ४१०५०२. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, शिवाय संस्कृतचे मोठे पंडित.

कागदावर दिसणारं नाव एक आणि टपाल जातं ते ठिकाण दुसरं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ईमेलच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही इथे फसतात. मीही फसलो, आणि त्याची किंमत माझ्या पुतणीनं मोजली.

बारावीनंतर तिला पुण्यात वसतिगृहात जागा हवी होती. कागद स्कॅन करून मेल करायचे होते, म्हणून आम्ही बाजारपेठेतल्या एका केंद्रात गेलो. तिथल्या मुलानं मन लावून सगळं जोडलं आणि केंद्राच्या पत्त्यावरून मेल पाठवला. मजकुराखाली पुतणीनं आपलं नाव, गाव, मोबाइल आणि स्वतःचा ईमेल असं सगळं लिहिलं होतं. आठवडाभर ती आपली पेटी उघडून बघत राहिली. उत्तर केव्हाच आलं होतं, पण केंद्राच्या पेटीत. मूळ दाखला चार दिवसांत आणून दाखवा, असं त्यात म्हटलं होतं. रोज येणाऱ्या ढीगभर मेलांत ते दबून गेलं. आम्हाला कळलं तेव्हा जागा दुसऱ्याला मिळाली होती. “काका, मी तर खाली माझाच ईमेल लिहिला होता,” एवढंच ती म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. खाली लिहिलेला पत्ता माणसानं वाचावा यासाठी असतो. ‘रिप्लाय’चं बटण दाबल्यावर उत्तर कुठे न्यायचं हे ठरवणारं यंत्र मजकूर वाचतच नाही. ते वाचतं मेलच्या माथ्यावरच्या ओळी, ज्यांना हेडर म्हणतात आणि ज्यांतल्या बऱ्याचशा आपल्याला दिसतही नाहीत.

हे मला नीट उमगलं ते आमच्या नानांच्या डब्यावरून. नाना मुंबईत डबेवाले होते. मुंबईचे डबेवाले बहुतेक आपल्या मावळपट्ट्यातले, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी इथले. महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास हा धंदा उभा केला, तेव्हापासून ही वाट पडलेली आहे. डबा दुपारी साहेबाच्या टेबलावर पोचतो याचं कौतुक जगानं केलं. नानांना अप्रूप होतं ते रिकामा डबा संध्याकाळच्या आत त्याच घरी परत जातो याचं. “पोचवणं सोपं हाये, परत आणणं अवघड,” असं ते म्हणत. डबा घेणारा एक, स्टेशनावर वाटणी करणारा दुसरा, गाडीतून नेणारा तिसरा, कचेरीत देणारा चौथा. त्यातल्या कुणालाच डब्याचा पुरा प्रवास ठाऊक नसतो. सगळी माहिती झाकणावर असते.

नेहमी दाखवलं जाणारं एक झाकण घ्या. मधोमध ठळक ३, म्हणजे उतरायचं स्टेशन चर्चगेट. त्याच्या बाजूला ९ ईएक्स १२. यातला ९ हा तिथल्या वाटपाच्या भागाचा, ईएक्स म्हणजे एक्स्प्रेस टॉवर्स, १२ म्हणजे बारावा मजला. आणि कडेला व्हीएलपी, म्हणजे विलेपार्ले, जिथून डबा निघाला ते ठिकाण. जाताना या व्हीएलपीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. परतीच्या प्रवासात त्याच अक्षरांना भाव येतो. समजा डबा पार्ल्यातून निघाला, पण बाईंना रिकामा डबा दादरला माहेरी जायला हवा आहे. मग झाकणावर परतीची खूण दादरची हवी. डब्याच्या आत चिठ्ठी ठेवून भागणार नाही. आमच्या पुतणीनं नेमकं तेच केलं होतं, चिठ्ठी डब्याच्या आत ठेवली होती.

आता झाकणाकडे, म्हणजे हेडरकडे वळू. त्यात ‘फ्रॉम’ नावाची एक ओळ असते, पत्र कुणाचं हे सांगणारी. सर्वसाधारणपणे उत्तर तिथेच जातं. पण ‘रिप्लाय-टू’ नावाची आणखी एक ओळ घालता येते. ती असेल तर उत्तर तिथे जातं आणि ‘फ्रॉम’ मागे पडतं. नियम एवढाच आहे. ‘फ्रॉम’ला आंबेगाव समजा आणि ‘रिप्लाय-टू’ला घोडेगाव.

हा नियम १३ ऑगस्ट १९८२ रोजी डेव्हिड क्रॉकर या अमेरिकी तज्ज्ञानं लिहिलेल्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात आहे. पुढे २००१ आणि २००८ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण गाभा तोच राहिला. रिप्लाय-टू कशासाठी हे मूळ दस्तऐवजात तीन उदाहरणांनी सांगितलं आहे. त्यातलं पहिलं उदाहरण वाचून मी थांबलोच. ज्या लेखकाची स्वतःची नेहमीची पेटी यंत्रावर नाही, त्यानं उत्तरासाठी दुसरा पत्ता द्यावा, म्हणून ही ओळ! दुसरं उदाहरण उत्तर आणखी काही जणांनाही कळावं यासाठीचं, आणि तिसरं अनेकांच्या सामाईक चर्चेचं, ज्यात उत्तर एकट्याला न जाता सगळ्या गटाकडे जातं. पण पहिल्या क्रमांकावर उभा आहे तो पेटी नसलेला माणूस. दुसऱ्याच्या यंत्रावर बसून पत्र पाठवणारा. तालुक्याच्या गावी खुर्ची ओढून बसणारे आणि कागदाची पिशवी मांडीवर धरणारे आपले शेतकरी, विद्यार्थिनी, निवृत्त शिक्षक यांची सोय चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलेली होती. ती वापरायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच दस्तऐवजात ‘सेंडर’ ही ओळही आहे. पत्र एकाचं आणि प्रत्यक्ष पाठवणारा दुसरा असेल तर पाठवणाऱ्याचं नाव तिथे येतं. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला याचं नवल वाटू नये. शिवाजी महाराजांची पत्रं बाळाजी आवजी चिटणीस लिहीत, पण पत्र महाराजांचं असे आणि जबाबही त्यांनाच येई. आरएफसी ८२२ तेच बजावतो, की ‘सेंडर’मध्ये नाव आहे म्हणून उत्तर आपोआप त्याच्याकडे पाठवू नये. या न्यायानं केंद्रातला मुलगा हा चिटणीस. आपण मात्र पत्रच त्याच्या नावावर लावतो आणि मग जबाबही त्याच्या हाती पडतो.

आणखी एक पत्ता पार आड लपलेला असतो. टपालात पाकीट वेगळं आणि आतला कागद वेगळा. ईमेलमध्येही तसंच असतं. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्याला दिसत नाही. पोचवणारं शेवटचं यंत्र तो ‘रिटर्न-पाथ’ या ओळीत नोंदवून ठेवतं. पत्र पोचलं नाही, पेटी भरलेली निघाली किंवा पत्ताच चुकला, तर ‘पोचलं नाही’ हा निरोप या पत्त्यावर येतो. ‘फ्रॉम’वर नाही, ‘रिप्लाय-टू’वरही नाही. रजेवर गेलेल्या माणसाच्या पेटीतून आपोआप जाणारं उत्तरही रिटर्न-पाथवरच जावं असा संकेत आहे. चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी डबेवाले काही दिवस मुंबईचं काम बंद ठेवून गावी येतात. तेव्हा नाना आधी घरोघर सांगून येत, कारण डबा जिथून निघतो तिथेच हे कळायला हवं. कचेरीतल्या साहेबाला सांगून काय उपयोग?

एके काळी तर उत्तराचा सगळा रस्ताच पत्त्यात लिहावा लागे. १९८६ साली अर्नेट हे शिक्षणसंस्थांचं जाळं आपल्याकडे सुरू झालं. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संस्था त्याचं मोठं ठाणं होती. त्या काळच्या यूयूसीपी पद्धतीत पत्ता म्हणजे यंत्रांची नावं ओळीनं आणि मध्ये उद्गारचिन्हं. आधी या यंत्राकडे, तिथून त्या, मग तिसऱ्या. म्हणजे खोडदला जायचं तर पत्त्यातच पुणे, चाकण, मंचर, नारायणगाव असं लिहायचं. उत्तर द्यायचं तर तोच रस्ता उलटा मांडायचा, आणि वाटेतलं एक यंत्र बंद पडलं तर उत्तर तिथेच अडकायचं. रे टॉमलिन्सननं १९७१मध्ये ‘@’ हे चिन्ह वापरायला सुरुवात केली होती. पुढे नावांची जागतिक यादी तयार झाली तेव्हाच पत्ता आणि रस्ता पुरते वेगळे झाले. आता आपण फक्त ठिकाण सांगतो, वाट यंत्रं शोधतात.

वाटेच्या खुणा मात्र राहतात. प्रत्येक यंत्र ‘रिसीव्हड’ अशी एक ओळ डोक्यावर चढवत जातं, जसे जुन्या पोस्टकार्डावर ठिकठिकाणचे शिक्के पडत. त्या ओळी खालून वर वाचायच्या, सगळ्यात खालची सगळ्यात जुनी. आणि ‘मेसेज-आयडी’ या ओळीत प्रत्येक पत्राचा स्वतंत्र क्रमांक असतो. उत्तर निघताना तो ‘इन-रिप्लाय-टू’मध्ये नोंदला जातो, म्हणून महिन्याभरानं आलेलं उत्तरही मूळ पत्राखालीच जाऊन बसतं.

जी ओळ पेटी नसलेल्याच्या सोयीसाठी केली, तीच लबाडाच्या कामाला येते, आणि यावर थोडं सविस्तर लिहायला हवं. जुन्नर-नारायणगावची द्राक्षं परदेशी जातात. व्यवहार मेलवर चालतो. अशा धंद्यात जगभर एक फसवणूक रुळली आहे. ओळखीच्या खरेदीदाराच्या किंवा पुरवठादाराच्या नावानं मेल येतो. नाव तेच, भाषा तीच, आधीच्या बिलाचा उल्लेखही बरोबर. रिप्लाय-टूमध्ये मात्र भलताच पत्ता, बहुधा एखाद्या अक्षराचा फरक केलेला. आपण रिप्लाय दाबून विचारतो, “खातं बदललंय का?” आणि लबाडच उत्तर देतो, “हो, बदललंय.” शहानिशा केल्याचं समाधान वाटतं, पण ती चोराकडेच केलेली असते.

यावर तांत्रिक पहारे आहेत. एसपीएफ ही तपासणी पाकिटावरचा पत्ता बघते. डीकेआयएम मेलवर मोहोर उठवतं. मराठेशाहीतल्या पत्रांत मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब करत, म्हणजे त्यापुढे कुणी ओळ घुसडू शकत नसे. त्याच जातीची ही मोहोर. डीमार्क या दोहोंचा ‘फ्रॉम’शी मेळ घालून बघतं. पण रिप्लाय-टू खऱ्या माणसाचा आहे की नाही, हे या तिघांपैकी कुणीच विचारत नाही. लबाडानं स्वतःच्या खऱ्याखुऱ्या पेटीतून मेल पाठवला आणि वर फक्त दाखवायचं नाव तुमच्या व्यापाऱ्याचं ठेवलं, तर तिन्ही पहारे त्याला सलाम करून आत सोडतील. तिथे डोळेच कामाला येतात. रिप्लाय दाबल्यावर ‘टू’च्या जागी आलेल्या नावावर बोट ठेवा, पूर्ण पत्ता उलगडेल, तो अक्षर न् अक्षर वाचा. संगणकावर जीमेल असेल तर तीन टिंबांखाली ‘शो ओरिजिनल’मध्ये सगळं झाकण दिसतं. आणि पैशाचा, खात्याचा विषय असेल तर उत्तर मेलनं देऊच नका. वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच तासात कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.

पुतणीनं दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. या वेळी मी त्या केंद्रातल्या मुलाशेजारी बसलो. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स’ या भागात पाठवण्याच्या पत्त्यापुढे ‘एडिट इन्फो’ असतं. तिथे उत्तरासाठी वेगळा पत्ता घालता येतो. आम्ही पुतणीचा घातला. मुलगा चकित झाला. इतकी वर्षं तो ही खिडकी रोज उघडत होता, पण या रकान्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वसतिगृहाचं उत्तर थेट पुतणीच्या फोनवर आलं आणि जागा मिळाली.

पाचव्या दिवशी तिला आणखी एक मेल आला, ठिबक संचाच्या अनुदानाबद्दलचा, कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या नावचा. आमचं काम झाल्यावर तो पत्ता रकान्यातून काढायचा राहून गेला होता आणि केंद्रातून निघालेल्या पुढच्या प्रत्येक मेलचं उत्तर तिच्याकडे वळत होतं. मेलमध्ये त्या शेतकऱ्याचं गाव होतं, नंबर नव्हता. केंद्रात फोन केला तर लागेना. मग तिनं त्या मेलची छापील प्रत काढली, एसटी पकडली आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. मुदत संपायला दोन दिवस होते.