चढणीचे मासे आणि पोटाचा प्रश्न

जून महिन्यात गावाकडे जाणाऱ्या आपल्या बांधवांना हे दृश्य नवीन नाही. पहिला दमदार पाऊस होतो, ओढ्याला गढूळ पाणी येते आणि 'चढण लागली' अशी हाक वाडीभर फिरते. मग घमेले, टोपली, जुनी मच्छरदाणी, जे हाताला लागेल ते घेऊन लहानथोर सारे ओढ्याकडे धावतात. धारेच्या उलट उड्या मारीत मासे वर येत असतात. त्या रात्री घरोघरी कालवणाचा वास सुटतो. आम्हीही लहानपणी हे मासे धरले आहेत, गाभोळी भाजून खाल्ली आहे. तेव्हा दुसऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे आधीच कबूल करतो.

मध्यंतरी पावसाच्या तोंडी आम्ही घोडेगावच्या बाजारात गेलो होतो. एक कातकरी बाई पाटीत मासे घेऊन बसली होती. एकूण एक मासा अंड्यांवर आलेला. आम्ही सहज म्हणालो, "मावशी, अंड्यांवरचे मासे धरले तर पुढच्या साली काय धराल?" बाईने आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, लावणीची मजुरी अजून लागली नाही. मासा सोडला तर आज पोरांना काय घालू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठीच हा लेख.

मुद्दल आणि व्याज

आम्ही कारकून माणसे. आम्हाला जमाखर्चाची भाषा लवकर समजते. रोहू माशाच्या मादीच्या पोटात वजनाच्या दर किलोला साधारण दोन लाखांच्या घरात अंडी असतात. त्यांतली बहुतेक वाया जातात. काही वाहून जातात, काही इतर प्राणी खातात. तरीही जी थोडी जगतात त्यांवर पुढचा हंगाम उभा राहतो. दिवाळीनंतर धरलेला मासा हे व्याज आहे. चढणीला धरलेली मादी हे मुद्दल आहे. मुद्दल खाणाऱ्या घराचे काय होते, ते आपल्या कष्टकरी आयाबहिणींना सांगायला नको.

मरळ माशाची गोष्ट तर मनाला लागणारी आहे. मरळीचे नर-मादी दोघेही पिलांची राखण करतात. पिलांचा थवा पाण्यावर तरंगत असतो आणि आईबाप खाली पहारा देतात. नेमक्या या सवयीमुळे ती सहज मारली जातात. आईबाप गेले की थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. एका कालवणापायी सारे कुटुंब संपते.

आपल्या भागातल्या माशांना जगाच्या शास्त्रात मान आहे, हेही मुलांना सांगावे. इंग्रज अधिकारी कर्नल साईक्स याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद केली. त्याने 'खुद्री', 'मुसुल्ला', 'शिंघाला' ही इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून वापरली. ज्या गरिबांनी ही नावे ठेवली त्यांची नावे मात्र कोठेच नाहीत.

धरण आले, नदी थांबली

जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत. डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. पाणी पूर्वेकडच्या उसाला आणि पार अहिल्यानगर-सोलापूरपर्यंत गेले. जमीन गेली ती महादेव कोळी, कातकरी अशा आदिवासींची.

धरणाने माशांचेही विस्थापन केले. नदीतून वर-खाली जाण्याची त्यांची वाट बंद झाली. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, विकत आणून सोडावी लागतात. गावठी मासा मात्र वरच्या ओढ्यांत चढून फुकट बीज देतो. तो ओढ्याच्या तोंडाशीच संपवला तर तेवढे बीज पैसे मोजून आणावे लागते.

विस्थापित आदिवासींनी 'शाश्वत' या संस्थेच्या साह्याने इथे वेगळी वाट पाडली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या भागात अनेक वर्षे काम केले. उन्हाळ्यात पाणी हटले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करायची आणि जलाशयात मासेमारीची सहकारी सोसायटी चालवायची, असा तो मार्ग. नांगर धरणाऱ्या हातांना जाळे आणि होडी शिकावी लागली. या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी ज्याच्या हक्काचे असते तोच ते राखतो, हा यातला धडा. ठेकेदार एका हंगामाचा विचार करतो, सभासदाला नातवाचाही विचार करावा लागतो.

कायदा कोणासाठी?

समुद्रावर ही शिस्त सरकारने घातली आहे. २०२४ सालीही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद होती. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेव्हा मच्छीमारांचा विरोध झाला, कारण आपला धंदा जाईल ही त्यांना धास्ती होती. वन्यजीव कायद्यातच लिहिले आहे की सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण करावे. वनहक्क कायदा २००६ नेही पाणवठ्यांतील मासळीवर आदिवासींचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांनी हे कलम माहीत करून घेतले पाहिजे.

बंदी पाळणाऱ्याच्या पोटाचे काय? २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पात्र मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० घालायचे आणि बंदीच्या तीन महिन्यांत ४,५०० द्यायचे, अशी तरतूद करण्यात आली. सरकारचा वाटा दिवसाला ३३ रुपये पडतो. त्यात एका घराची चूल किती दिवस पेटेल, हे वाचकांनीच ठरवावे. शिवाय ओढ्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचे नाव अशा यादीत येणार तरी कसे?

अशोकाचा दाखला

आपल्याला या बाबतीत बाहेरून शिकण्याची गरज नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या २६ व्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. कोळ्यांसाठी राखलेल्या पाण्यांचा तिथे स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या देशात राखीव पाणी होते आणि बंदीचे दिवसही होते. भिक्खूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो. पावसाळ्यात उगवणारे, जन्मणारे जीव पायाखाली येऊ नयेत हे त्याचे एक कारण. माशांच्या विणीचा काळही हाच.

आपण काय करू शकतो?

पाण्यात विष किंवा सुरुंग टाकणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ब्लीचिंग पावडर टाकून डोह मारणारा माणूस दिसला तर त्याला गावाने अडवावे. चढणीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक ओढ्याचा एखादा डोह ग्रामसभेने राखून ठेवावा. ओढ्याच्या तोंडावर आडवे जाळे लावून सारी वाट अडवू नये. शहरातल्या भगिनींनी जून-जुलैत गाभोळीचा गोड्या पाण्यातला मासा मागू नये. गिऱ्हाईक नसले की मारही कमी होतो.

आणि त्या मावशीचे काय? जून महिन्यात तिच्या हाताला रोजगार हमीचे काम आणि घरात वेळेवर रेशन मिळाले, तर मासा सोडायला तिला कोणी शिकवावे लागणार नाही. ओढा तिला आमच्यापेक्षा जास्त कळतो. तिच्या वाडीचा कामाचा अर्ज लिहून देणे हे आमच्यासारख्या चार अक्षरे शिकलेल्यांचे काम आहे. पुढच्या जूनला गावी जाल तेव्हा टोपलीबरोबर एक कोरा कागद आणि पेनही न्यावे, एवढीच विनंती.