शंभर ग्रॅमची मर्यादा

सकाळी 7.00
हुपरीच्या गल्लीत शटर वर जातं. कारागीर आधी काटा पुसतो. आज 2 किलो पैंजणांचं काम आहे, टंच 60. म्हणजे 1,200 ग्रॅम चांदी, बाकी तांबं-जस्त. शेठच्या वहीत वजन चढलंय, खाली सही.

7.45
मूस भट्टीत जाते. चांदी वितळायला 962 अंश लागतात. वर चिमूटभर टाकणखार. रस साच्यात ओतला की लगड.

9.30
लगड रोलिंगमध्ये दाबायची, मग जंतरीच्या भोकांतून तार ओढायची. प्रत्येक वेळी भोक आधीपेक्षा बारीक. तार कडक झाली की ताव द्यायचा, परत ओढायची. दुपारपर्यंत खांदे भरून येतात.

11.00
आबा येऊन खुर्चीवर बसतात. वय ऐंशीच्या वर. हा धंदा पोराच्या हाती द्यायच्या आधी ते चांदी घडवायचे, त्याच्याही आधी सोनं.

"वडलांच्या दुकानात सोनंच होतं. 1963 चा जानेवारी. चीनचं युद्ध नुकतं झालेलं. मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा न्हाई. दागिन्याखेरीज जे सोनं घरात, नाणी, बिस्किटं, ते सरकारला कळवायचं."

"मग?"

"मग काय. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोण घालंल? लग्नं ठरत होती, पर दुकानात माणूस फिरकंना."

दुपारी 1.00
भाकरी, झुणका, कांदा. मूस निवतेय.

1.30
घरात बायको कड्या जोडते. चिमट्यात कडी, सांध्यावर डाख, वर ज्योत. ज्योत जरा रेंगाळली तर कडीच वितळते. मजुरी वजनावर मिळते, गॅसचा खर्च आपला.

4.00
उजाळा. रिठ्याचं पाणी, पितळी ब्रश. काळपट पैंजण पांढरं होतं. पाण्यात भिजून बोटं सुरकुततात.

5.00
चहा येतो. आबा पुढं सांगतात. चौदा कॅरेटची अट 1966 मध्ये उठली. 1968 मध्ये कायदाच आला: कारागिराला दाखला, प्रत्येक गुंजेची नोंद, आणि कच्चं सोनं जवळ ठेवायचं ते जास्तीत जास्त 100 ग्रॅम.

"दोन पाटल्या आणि एक गोफ एकदम हातात घेतला की संपली मर्यादा. मोठं गिऱ्हाईक परत पाठवायचं."

चांदी त्या कायद्याबाहेर होती. आबा चांदीकडे वळले.

6.15
काट्यावर तयार माल: 1,988 ग्रॅम. कानसीचा कीस आणि केर गोळा होतो. त्यातली 9 ग्रॅम परत मिळेल. राहिली घट 3 ग्रॅम, तेवढी शेठला चालते. जास्त झाली तर मजुरीतून कापतात. केराची डबी झारेकऱ्यासाठी बाजूला.

7.30
वहीत सही, शटर खाली. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला तो 1990 च्या जूनमध्ये, मधू दंडवते अर्थमंत्री असताना. तोवर सत्तावीस वर्षं गेली होती. आबांचा हात चांदीला बसला होता. ते सोन्याकडे परत गेले नाहीत, आणि पोरगा सोन्याचं काम शिकलाच नाही.