बुडणाऱ्यामागे उडी नको!

मैत्रिणींनो, मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. परवा पाचवीच्या वर्गाला विचारलं, “मित्र पाण्यात पडला तर काय कराल?” सगळा वर्ग ओरडला, “उडी मारू!” पोहता कुणाकुणाला येतं म्हटलं, तर हात वर झाले तीन. मुलांना काय हसायचं म्हणा! आपलं लेकरू डोळ्यांदेखत बुडत असेल तर आपण तरी दुसरं काय करू?

डोंबिवलीजवळच्या संदप गावी ७ मे २०२२ रोजी हेच झालं. पाण्याची टंचाई, म्हणून सासू-सून खदानीवर कपडे धुवायला गेल्या. बरोबर तीन मुलं. एक जण पाण्यात गेला, त्याला वाचवायला बाकीचे उतरले. एकाच घरातली पाच माणसं गेली.

खदान म्हणजे आपलं मासुंदा तळं नव्हे, बरं का! सुरुंगाने दगड उभा फोडलेला असतो. काठापासून एक पाऊल पुढे गेलं की पाय टेकतच नाहीत, आणि वर यायला हाताशी येतो तो शेवाळलेला कातळ. त्यात भिजलेली साडी पायांत गुंडाळते. बुडणारं माणूस हाती लागेल त्याला घट्ट मिठी मारतं. ते मूल असलं तरी त्या मिठीतून सुटणं कठीण. आणि ते ओरडत नाही हो! श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? मुलं पाण्यात एकाएकी गप्प झाली, तर आधी मान वर करून बघा.

माझी नणंद कॅनडात असते. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फ फुटून कुणी आत गेलं, तर जवळ धावायचं नाही, पालथं पडून लांबूनच काठी पुढे करायची, हे तिच्या मुलांना शाळेतच शिकवलंय. आपणही तेच करायचं. मोठ्याने ओरडून माणसं बोलवा. काठावर पालथ्या पडा आणि साडी, ओढणी, बांबू, काय असेल ते पुढे टाका.

बाहेर काढल्यावर मुलाला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. एकीने १०८ला फोन करावा. श्वास नसेल तर उताणं निजवून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोराने, भरभर ३० दाब आणि दोन श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच. त्रास काही तासांनीही होतो.

पाण्यावर जाणं टळत नसेल, तर झाकणाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधून सोबत न्या. त्याला धरून माणूस तरंगतं. आम्ही शाळेच्या मैदानावर तो फेकून पाहिला. माझे पहिले दोन नेम पार चिंचेच्या झाडाकडे गेले! अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो. तळाशी चार बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावलं, तेव्हा कुठे तो सरळ गेला.