प्यायलेल्याला समोरचा चेहरा कसा दिसतो?

फाल्गुन-चैत्रात गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या आसपासच्या जंगलालगतच्या गावांत पहाटेच माणसं टोपल्या घेऊन मोहाखाली फुलं वेचत असतात. ती वाळवून, आंबवून, भट्टीवर चढवली की दारू उतरते. गोंडांच्या पूजेत ती देवालाही चढते. आधी दोन थेंब जमिनीवर सांडून मग पिणारा तिथे चार माणसांत निवांत बसतो. बाजाराच्या संध्याकाळी हायवेच्या चौफुलीवर तोच माणूस भांडण उकरून काढतो. दारू तीच.

मद्यार्क मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतो, चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करतो. कपाळामागचा लगाम सैल पडतो आणि बुजराही बोलू लागतो. इथवर सगळं गोड.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या शिरेतून मद्यार्क सोडून त्यांना चेहरे दाखवले. शुद्धीत असताना घाबरलेला चेहरा दिसला की मेंदूतली भीतीची केंद्रं जागी व्हायची. नशेत घाबरलेला आणि साधा चेहरा त्यांना जवळपास सारखाच. दाराआड उभं पोर भ्यालंय, हे पिऊन आलेल्या बापाला उमगत नाही त्यामागे हेही असावं.

‘प्यायला की खरं बोलतो’ हे मला कधीच पटलं नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं, की दारूने नजर आखूड होते. जवळचं, ठळक तेवढंच दिसतं; उद्याचा पस्तावा दिसत नाही. समोर भजन असेल तर डोळ्यांत पाणी, टोमणा असेल तर हाणामारी. त्यात खरं-खोटं कुठलं?

सगळं रसायनावर ढकलताही येत नाही. १९७५ च्या एका प्रयोगात, आपण व्होडका प्यायलोय अशी ज्यांची समजूत करून दिली होती, त्यांनी समोरच्याला जास्त जोराचे विजेचे झटके दिले. पेल्यात नुसतं टॉनिक वॉटर असलं तरीही! सूट आधीच घेतलेली असते, पेला नंतर येतो.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली. त्या चळवळीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासोबत गावोगावच्या बायका होत्या. ‘काल काय बोललो, आठवतच नाही’ हे त्यांना नवं नव्हतं. ते दरवेळी खोटंही नसतं. भराभर, जास्त प्यायलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्या तासांची नोंदच ठेवत नाही. शिव्या ऐकणारी मात्र शुद्धीत असते. तिला सगळं आठवतं, आणि ही कशावरून रुसली, हे त्याला कळत नाही.